अकरा किलोंच्या आत

पहिल्या भेटीत त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. अंगणातल्या वजनकाट्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "उभ्या राहा."

मी लातूरला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला नवीनच आले होते आणि भाड्याने खोली शोधत होते. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत वरची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून गेले, तर घरमालक मला तुरीच्या पोत्यासारखं तोलायला निघालेले. चाळिशी ओलांडलेल्या बाईला कुणी असं सांगतं का? मी चांगली तापले. पण खोली हवेशीर होती, नळाला रोज पाणी होतं, तेव्हा राग गिळला आणि चढले काट्यावर.

"पर्स खाली ठेवा. चप्पल काढा. रिकामं वजन पायजे."

एकसष्ट किलो भरले. त्यांनी दाराच्या मागच्या बाजूला खडूने एकसष्ट लिहिलं, खाली रेघ ओढली. "खोली सोडताल त्या दिवशी परत उभं करनार. एक किलो जरी कमी भरलात तर माझ्या घराला नाव लागंल," असं म्हणून किल्ली माझ्या हातावर ठेवली. सहा वर्षांनी नांदेडची नोकरी मिळाली आणि खोली सोडली तेव्हा मी चौसष्ट भरले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी त्या तीन किलोंसाठी कितीही पळाले तरी विसरणार नाही.

गल्ली त्यांना काटेवाले चाचा म्हणायची. मीही चाचाच म्हणू लागले. उभं आयुष्य त्यांनी यार्डाबाहेरच्या भुईकाट्यावर ट्रक तोलण्यात काढलं होतं. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरून तोलायचा, मधला फरक म्हणजे माल. एवढीच विद्या, पण चाचांनी तिचा धर्म करून ठेवला होता. काही ड्रायव्हर रिकाम्या वजनाच्या वेळी क्लीनरला केबिनमध्ये निजवून ठेवत आणि भरलेल्या वजनाच्या वेळी हळूच उतरवून देत, म्हणजे तेवढा माल फुकट. चाचा आधी केबिनच्या पत्र्यावर थापा मारायचे आणि ओरडायचे, "निजलेल्याला उठवा, सकाळ झाली!" पुढे तिथे कॉम्प्युटर आला आणि चाचा घरी बसले. "कॉम्प्युटर आकडा लई झकास सांगतो," ते म्हणायचे, "पन ड्रायव्हरच्या तोंडाकडं बगत न्हाई."

घरी बसले म्हणजे काय, तर घरीच काटा मांडून बसले. अंगणात माणसं आणि पोती तोलायला एक जुना वजनकाटा, आणि बारीकसारीक गोष्टींसाठी कडीला टांगलेला मोठा तराजू. शेजारी फळीवर लोखंडी वजनं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने उभी. पाहुणा आला की तोलायचा, जेवून निघाला की परत तोलायचा आणि फरक मोठ्याने जाहीर करायचा. बिचारे पाहुणे लाजून पोळी कमी खात. रविवारचा पेपर तोलून म्हणायचे, "आज जाहिराती लई हायत." क्लासला जाणाऱ्या पोरांच्या पाठीवरच्या बॅगा उतरवून तोलायचे. "सात किलो! आन् डोक्यात किती गेलं रं?" गल्लीतल्या एका मुलीला पाहायला आलेला मुलगा त्यांनी वजनाला उभा केला होता. तो भरला अठ्ठेचाळीस. चाचांनी मुलीच्या बापाच्या कानात सांगितलं, "पोरगं हलकं हाय, वाऱ्याचं उडंल." लग्न काही जमलं नाही, पण त्याला इतरही कारणं असतील.

तराजूला हात लावण्याआधीचा त्यांचा एक विधी होता. दोन्ही पारडी उलटी करायची, खालून तळहाताने पुसायची आणि समोर असेल त्याला दाखवायची. "बगा. साफ हाय." कारण मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली, जुनी लबाडी म्हणजे पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवणं. वरून काही दिसत नाही आणि दर वेळी मापात तेवढी खोट. समोर मी एकटी असले आणि तोलायचं पावशेर शेंगदाणे असले तरी पारडी उलटी झाल्याशिवाय वजन होत नसे. चाची आतून म्हणायच्या, "हात धुवून जेवत न्हाईत, पन पारडं पुसल्याबिगर तोलत न्हाईत."

आणि एवढा सगळा मुलूख तोललेला हा माणूस औशाच्या पुढे कधी गेला नव्हता. उदगीर, भोकर, देगलूर, पार हैदराबाद. सगळीकडचा माल त्यांच्या समोरून गेला होता. कुठला रस्ता खराब, कुठे चहा चांगला, हे त्यांना ड्रायव्हरांच्या तोंडून पाठ. पण नोकरीत काट्याला सुट्टी नव्हती आणि नंतर गुडघ्यांनी कायमची सुट्टी घेतली. माझं गाव भोकरच्या अलीकडे आहे असं सांगितल्यावर ते खुश झाले होते. "भोकर ना? लई तोललंय मी भोकर."

आता सायकलकडे येते, कारण चाचा मला खरे कळले ते सायकलीमुळे.

माझी आई गावाकडे धाकट्या भावाकडे असते. दर दिवाळीला भाऊ गाडी घेऊन लातूरला यायचा, मला घेऊन जायचा आणि आणून सोडायचा. लहानपणी वडील सोडायचे, मग काका, मग भाऊ. त्या वर्षी गणपतीच्या सुमारास आई फोनवर हसत हसत म्हणाली, "तू काय माय, पार्सल हायस. कुनीतरी आनून टाकतंय, कुनीतरी उचलून नेतंय. एकली अशी कधी दारात उभी न्हाई राहिलीस." ती सहज बोलली, पण मला ते लागलं. आठवडाभर लागत राहिलं. मी लग्न केलं नाही, स्वतःचं पोट स्वतः भरते, हजार पोरांना मोलॅरिटी शिकवते, आणि आईच्या लेखी पार्सल!

त्याच सुमारास क्लासमधला एक मुलगा मेडिकलला लागला आणि त्याने आपली जाड टायरांची, गिअरची डोंगरी सायकल विकायला काढली. मी घेतली. सायकलला कॅरिअर न लावता सांगाड्यालाच पिशव्या बांधून मुक्काम करत जायचं, याला बाइकपॅकिंग म्हणतात, हे मोबाईलवर पाहून ठेवलं होतं. ठरवलं, या दिवाळीला भाऊ यायच्या आत आपणच निघायचं. पहिला मुक्काम अहमदपूर, दुसरा नांदेड, तिसऱ्या दिवशी आईच्या दारात. एकटी.

चाचांना सांगितलं तेव्हा ते आधी उठून अंगणात आले. सायकल वजनकाट्यावर चढवली. "साडेचौदा. रिकामी." मग मला चढवलं. मग बराच वेळ आकाशाकडे बघत हिशेब केला आणि निकाल दिला, "माल अकरा किलोंच्या आत. वर एक दाना न्हाई. मी पास म्हनंल तवाच निघायचं."

"आणि तुम्ही नापास केलं तर?"

"तर मग सुधारायचं. क्लासात काय सांगता पोरांना?"

पिशव्या चाचींनी शिवल्या. ट्रकच्या ताडपत्रीचा एक चांगला तुकडा घरात होता. त्यातून हँडलला बांधायची वळकटी, सांगाड्याच्या मधोमध बसणारी त्रिकोणी पिशवी, आणि सीटखालून मागे निघणारी एक लांब पिशवी. शिवणींवर त्यांनी मेण घासलं, म्हणजे पाण्याचा थेंब आत जायला नको. पट्टे चाचांनी जुन्या पोत्यांच्या गाड्यावरचे काढून दिले. मागची पिशवी बांधल्यावर सायकल अशी दिसू लागली की चाची पदर तोंडावर धरून हसत सुटल्या. "घोडी दिसून राहिली मॅडम. शेपटी हलवती बगा."

शेपटी खरंच हलत होती. पहिल्या चाचणीत गल्लीच्या टोकापर्यंत गेले, तोवर मागची पिशवी डावीकडे उजवीकडे अशी डुलली की मी नाल्यात जाता जाता वाचले. शिवाय एक पट्टा मागच्या टायरला घासत होता आणि हँडलच्या वळकटीने ब्रेकची तार दाबली होती. नापास. मग आम्ही शिकलो की जड सामान खाली आणि मधे, हलकं मागे, आणि पिशवी कोंबून भरायची, म्हणजे ती हलत नाही.

सामान मी पहिल्यांदा अंगणात मांडलं ते एकोणीस किलो होतं. चाचा न्यायाधीशासारखे बसले. इस्त्री गेली. स्टीलचे दोन डबे गेले. तपासायचे पेपर गेले, ते गेल्याचं मला दुःखही झालं नाही. आईसाठी घेतलेली साडी त्यांनी उचलली, तोलली आणि परत माझ्या पुढ्यात ठेवली. "ही ऱ्हाऊ द्या. हिचा डबा तेवढा काढा." पंक्चरचं सामान, पंप आणि जादा ट्यूब मात्र त्यांनी हातही न लावता मान्य केली.

मग पाडायची परीक्षा. "रस्त्यावर पडताल. पडल्यावर उचलाय कोन येनार? बगू उचलून." भरलेली सायकल गल्लीत आडवी पाडायची आणि एकटीने उभी करायची. पहिल्या दिवशी दोनदा जमलं आणि तिसऱ्यांदा मीच तिच्यावर पडले. सगळी गल्ली ओट्यावर येऊन बघायला बसायची. दहाव्या दिवशी मी दहा वेळा पाडली, दहा वेळा उचलली, आणि चाचांनी दारामागे खडूने बरोबरची खूण केली.

हरभऱ्याचं प्रकरण या सगळ्याच्या मधे घडलं. चाचांचं म्हणणं, लांबच्या चाचणीला खरा माल कधी भरायचा नाही, खराब झाला तर? त्याऐवजी त्याच वजनाचं धान्य भरायचं. लातूरच्या माणसाला वजन म्हटलं की डाळ नाहीतर हरभराच आठवतो. शनिवारी संध्याकाळी त्यांनी तिन्ही पिशव्यांत हरभरे भरले, मधल्या पिशवीत दोन लिटर पाण्याची बाटलीही खोवली, आणि सगळं मिळून अकरा किलो करून ठेवलं. रविवारी पहाटे औशाच्या रस्त्याला निघायचं होतं. मी खाली येऊन पाहते, तर मधली पिशवी गच्च फुगलेली.

"चाचा, ही अशी काय झाली?"

त्यांनी पिशव्या सोडल्या, पारडी उलटी करून दाखवली आणि तोललं. बरोबर अकरा. "दाना इकडं न्हाई, तिकडं न्हाई."

"पण फुगलीय हो ती!"

"नजर धोका देती मॅडम. काटा न्हाई."

आता मी रसायनशास्त्राची शिक्षिका. मला तरी कळायला नको होतं? पण त्या काट्याचा दरारा असा होता की मी मुकाट्याने सायकलवर बसले. चाचा मागून मोपेडवर. दोन्ही गुडघे त्या पिशवीला घासत होते. शहराबाहेर पडून थोडं पुढे गेलो आणि खालून टर्र असा आवाज झाला. शिवण गेली आणि टपोरे, भिजलेले हरभरे रस्त्यावर धो धो सांडले. कुठून कुणास ठाऊक, शेळ्यांचा कळप हजर झाला. चाचांनी मोपेड लावली, एक हरभरा उचलला, बोटांनी दाबला, वास घेतला.

"भिजलाय," ते म्हणाले.

बाटलीचं झाकण सैल राहिलं होतं. रात्रभर सगळं पाणी हरभऱ्यांनी प्यालं आणि चाचींच्या मेणामुळे बाहेर थेंब आला नाही. पाणीही आतच, हरभरेही आतच. वजन बदलणार कसं? चाचा शेळ्यांच्या मधे किती तरी वेळ उभे होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या काट्याने पहिल्यांदाच बरोबर उत्तर देऊन त्यांना फसवलं होतं. मला हसू आवरत नव्हतं आणि त्यांच्या तोंडाकडे बघून हसायचीही चोरी. घरी आल्यावर चाचींनी उरलेल्या हरभऱ्यांची उसळ केली, ती गल्लीने तीन दिवस खाल्ली. "तुमचं वजन बरोबर असतं," त्या चाचांना वाढता वाढता म्हणाल्या, "बाकी समदं चुकतं." मग त्यांनी मधल्या पिशवीला दुहेरी शिवण घातली आणि बाटलीची जागा पिशवीच्या बाहेर ठरली.

दिवाळी तोंडावर आली. भावाला मी बेत सांगून आईला कळवू नकोस असं बजावलं होतं, तरी तो गुरुवारी गाडी घेऊन येणारच होता, म्हणजे मला बुधवारी पहाटे निघायलाच हवं होतं. नाहीतर मी परत पार्सल. सामान आता खरं भरलं होतं. एकेक वस्तू मी स्वतः तोलून बेरीज केली होती आणि ती अकरा किलोंच्या पन्नास ग्रॅम आत होती. रविवारी चाचांनी पिशव्या पारड्यात ठेवल्या, वजनं टाकली.

"अकरा किलो पन्नास. नापास."

मी साबण, कंगवा आणि तेलाची बाटली काढली. सोमवारी परत तोललं.

"अकरा किलो वीस. नापास."

वीस ग्रॅम! मला रडू यायचं बाकी होतं. दुपारभर बसून बेरीज परत केली, ती बरोबरच येत होती. पण काटा नाही म्हणतोय म्हटल्यावर चूक माझीच असणार, असंच मला वाटलं. हरभऱ्यानंतरही. मी आईच्या साडीकडेसुद्धा बघू लागले होते.

सोमवारी संध्याकाळी मी अंगणात सामान पसरून बसले होते. चाचा तराजूजवळ खुर्चीत. आतून चाचींचा आवाज आला, "अजी, मेरी इमली कां गई?"

चाचांनी फळीवरचं एक वजन उचललं आणि पुसायला घेतलं.

चाची अर्धी रिकामी बरणी घेऊन बाहेर आल्या. "परवाच भरली होती मॅडम. खट्टी दाळ करायची, तर अर्धी बरनी गायब. चिंच कोन चोरतंय?"

चाचा खुर्चीत जरा खाली सरकले. आणि मला आठवलं की रविवारी आणि सोमवारी त्यांनी पारडं उलटं करून दाखवलं नव्हतं. मी उठले आणि मालाचं पारडं उलटलं. खाली अंड्याहून मोठा चिंचेचा गोळा होता, रविवारच्या गोळ्यावर सोमवारी आणखी चिंच थापलेला.

"चाचा," मी म्हणाले, "काटा मारलात?"

त्या माणसाला एवढा वाईट शब्द जन्मात कुणी ऐकवला नसेल. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"भावाचा फोन आल्ता तुमच्या," ते म्हणाले. "म्हनला, चाचा, तुमी वडीलधारे, तुमीच थांबवा तिला. रस्त्यात काय झालं तर उत्तर द्याल का म्हनला. काय उत्तर देनार मी? ट्रकवाले कसे चालवतात ते माझ्याएवढं कुनाला ठावं हाय?"

"मग तोंडानं नाही म्हणायचं होतं!"

"तोंडानं म्हनलेलं तुमी ऐकता का? काट्याचं ऐकता."

मी सामान तसंच टाकून वर निघून गेले. मला फार राग आला होता आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. मला आजवर सगळ्यांनी प्रेमानेच अडवलं होतं. वडिलांनी, काकांनी, भावाने. हा एकच माणूस असा होता की ज्याने मला अडवलं नव्हतं, फक्त तोललं होतं, आणि म्हणून तो मला इतका आवडायचा. तोही शेवटी त्यांच्यातलाच निघाला. त्या दिवशी चाची खट्टी दाळ घेऊन वर आल्या, ती मी खाल्ली नाही. त्यांनी सांगितलं की खालीही कुणी जेवलेलं नाही.

मंगळवारी सकाळी खालून हाक आली, "मॅडम! माल घेऊन या!"

उतरले तर अंगणात अर्धी गल्ली जमलेली. पारडी राखेने घासून लख्ख केली होती. चाचांनी ती उलटी केली आणि एकेकाच्या तोंडासमोर नेऊन दाखवली. मग म्हणाले, "काल आन् परवा मी काटा मारला. मॅडमच्या मालाला. समद्यायसमोर सांगतो." कुणी हसलं नाही. "साबन, कंगवा, तेल परत ठेवा."

ठेवलं. त्यांनी पिशव्या पारड्यात ठेवल्या. दांडी स्थिर झाली.

"दहा किलो साडेनऊशे," ते ओरडले. "पास!"

आणि तिथेच भावाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "भाऊ, माल पास हाय. मी न्हाई आडवनार. तुमची बहीन भरलेली सायकल दहा बार पाडून दहा बार उचलती. तुमाला जमतंय का? या, बगतो." मग भाऊ म्हणाला, "ताईला म्हणावं, कडेनं चालव. आन् रोज फोन कर."

बुधवारी पहाटे पिशव्या चाचांनी स्वतः बांधल्या. मला हात लावू दिला नाही. मागच्या पिशवीशी तर ते एवढा वेळ झटापट करत होते की शेवटी मीच म्हटलं, "चाचा, उजाडेल." पट्टा आवळून ते बाजूला झाले. "नांदेडला मोंढ्याबाहेर माझा दोस्त हाय, काट्यावर. मी त्याला कधी बगितलं न्हाई, पन फोनवर लई वर्सांची दोस्ती. त्याच्याकडं एक बार तोलून घ्या." निरोपाचा दुसरा शब्द नाही.

प्रवास मी सांगत बसत नाही, कारण सगळे प्रवास सांगायला लागलं की सारखेच होतात. अहमदपूरपर्यंत मी गाणी म्हणत गेले आणि लॉजमध्ये पोचल्यावर जिना बसत बसत चढले. दुसऱ्या दिवशी लोह्याच्या अलीकडे रस्त्याकडेला सोयाबीनचा भुसा पसरला होता, त्यावर चाक घसरलं आणि आडवी झाले. उठले, कमरेत वाकले, एका दमात सायकल उभी केली. आजूबाजूला बघायला कुणी नव्हतं याचं फार वाईट वाटलं. पण प्रत्येक चढाला सायकल मात्र भारी जड वाटत होती. वयाचा दोष म्हणून मी सोडून दिलं.

नांदेडला चाचांचे दोस्त भेटले. त्यांनी मोठ्या अदबीने पिशव्या तोलल्या आणि भुवया चढवल्या. "अकरा किलो साडेनऊशे."

"शक्यच नाही. दहा साडेनऊशे आहे."

"मग चाचांचा काटा चुकला म्हणायचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

आम्ही पिशव्या उपसल्या. मागच्या पिशवीच्या अगदी तळाशी, आईच्या साडीखाली, लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. सोडलं. फळीवरच्या ओळीतलं एक किलोचं लोखंडी वजन. हाताळून हाताळून त्याच्या कडा गोल झाल्या होत्या.

मी तिथूनच फोन लावला. "चाचा, हे काय आहे?"

"हाव. मीच ठेवलं."

"आणि अकरा किलोंचा कायदा?"

"माल दहा साडेनऊशेच हाय. ते माल न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "भोकर लई तोललं मॅडम. बगितलं न्हाई कधी. तेवढं त्याला दाखवून आना." आणि फोन ठेवून दिला.

मी मोंढ्याच्या गर्दीत, हमालांच्या मधे, हातात एक किलो लोखंड घेऊन उभी होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. इस्त्री काढायला लावणारा हाच माणूस! तेलाची एवढीशी बाटली काढायला लावणारा हाच! चाचांचे दोस्त म्हणाले, "इथं ठेवून जा बाई. परत जाताना घ्या. पुढं चढ आहे, तेवढंच हलकं होईल." सांगत होते ते अगदी शहाणपणाचं. मी वजन परत फडक्यात बांधलं आणि या वेळी मधल्या पिशवीत, खाली ठेवलं. जड सामान खाली आणि मधे.

तिसऱ्या दिवशी दुपारी घराच्या दारात सायकल टेकवली. आई ओसरीवर सुपात काहीतरी पाखडत बसली होती. तिने वर पाहिलं. मला पाहिलं, सायकल पाहिली, मग माझ्यामागे रस्त्याकडे पाहिलं. तिकडे गाडी नव्हती, भाऊ नव्हता, कुणी नव्हतं. सूप तिच्या हातातच राहिलं.

"एकलीच आलीस?"

या प्रश्नाचं उत्तर मी महिनाभर घोकलं होतं. लोह्याच्या भुशात पडल्यावरही मनात तेच म्हटलं होतं. आता फक्त हो म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. मधली पिशवी उघडली, लाल फडकं सोडलं आणि ते वजन ओसरीच्या कडेला नीट उभं करून ठेवलं. "माझे घरमालक आलेत. भोकर बघायचंय त्यांना."

आईने वजनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. फोनवरून तिला चाचा चांगले ठाऊक होते. तिने सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि वडीलधारा माणूस आल्यावर घेते तसा डोक्यावर पदर घेतला.

"मंग उभं काय केलंस त्यायला?" ती म्हणाली. "पाट दे बसाय."